घारापुरीची सहल : परतीच्या बोटीपासून आखणी

घारापुरी हे मुंबई बंदराच्या पाण्यातले छोटे बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. पोर्तुगीजांनी ठेवलेल्या एलिफंटा या नावाने ते जगभर ओळखले जाते. बेटाचा घेर सुमारे सात किलोमीटरचा असून त्यावर दोन टेकड्या आणि त्यांच्यामध्ये एक दरी आहे. सर्वांत उंच माथा समुद्रापासून साधारण दीडशे मीटरवर येतो. किनाऱ्याला तिवरांची झाडी आहे, तर उतारावर आंबा, चिंच, करंज आणि ताडमाड दिसतात. एकोणीस अंश अक्षांशाजवळच्या या बेटावर वर्षभर दमट उष्मा असतो, पावसाळ्यात धोधो पाऊस पडतो आणि येण्याजाण्याची वाट फक्त पाण्याची आहे. उष्ण कटिबंधातल्या बेटाची सहल आखताना जे प्रश्न सोडवावे लागतात, ते सगळे इथे एका दिवसात समोर येतात. नवी मुंबईकरांना तर असे बेट घराजवळच लाभले आहे.

हा शेजार मात्र नकाशावर जितका जवळचा, तितका प्रवासात नाही. न्हावा आणि उरणच्या किनाऱ्यावरून बेट सहज दिसते, पण पर्यटकांच्या नेहमीच्या बोटी समोरच्या काठावरून, गेटवे ऑफ इंडियाहून सुटतात. साहजिकच बेलापूर, नेरूळ किंवा खारघरचे कुटुंब आधी मुंबईच्या टोकाला जाते आणि तिथून पाण्याने पुन्हा पूर्वेकडे वळते. जाण्यायेण्यातच दिवसाचे चार-पाच तास खर्ची पडतात. उरलेला वेळ बेटाला कसा द्यायचा, यावर सहलीचे यश ठरते. म्हणून सहलीची आखणी सकाळच्या निघण्यापासून न करता संध्याकाळच्या शेवटच्या बोटीपासून मागे मागे येत करावी.

कोणता महिना, कोणता वार

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सोयीचा काळ. हवा कोरडी असते, समुद्र शांत असतो आणि पायऱ्या चढताना जीव मेटाकुटीला येत नाही. मार्चपासून उकाडा वाढत जातो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बाराच्या पुढे उघड्यावर फिरणे लहान मुलांना आणि वयस्कांना त्रासाचे होते. या महिन्यांत जायचेच असेल तर पहिली बोट पकडून दुपारपर्यंत लेण्यांच्या सावलीत राहावे.

जूनमध्ये नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की बंदरातले पाणी खवळते. जून-जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून पुन्हा समुद्राकडे वळतात. प्रवासी बोटीही खराब हवामानात आयत्या वेळी बंद होतात. पावसाळ्यातली घारापुरी हिरवीगार आणि देखणी असते, पण त्या दिवसांत हवामान खात्याचा इशारा आणि बंदरावरची सूचना पाहूनच घराबाहेर पडावे आणि बोट रद्द झाली तर सहल पुढे ढकलण्याची तयारी ठेवावी.

वाराचे बंधन पक्के आहे. लेणी सोमवारी बंद असतात. रविवारी आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत गर्दी इतकी होते की शिल्पांसमोर दोन मिनिटे उभे राहणेही कठीण जाते. महाशिवरात्रीला भाविकांची रीघ लागते. शिल्पे निवांत पाहायची असतील तर मंगळवार ते शुक्रवार यांतला एखादा दिवस निवडावा.

भरती-ओहोटीचा हिशेब

बोटीचे वेळापत्रक माणसे ठरवतात, पण धक्क्याशी पाणी किती असेल ते चंद्र ठरवतो. मुंबईच्या समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तेव्हा भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरपर्यंत किंवा त्याहून जास्त फरक पडतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो आणि हा फरक बराच कमी होतो.

कोकणपट्टीत भरतीची वेळ काढण्याची एक जुनी सोपी रीत आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि पूर्ण ओहोटी त्याआधी सहा तास, सकाळी नऊला. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठला भरती आणि दुपारी सव्वादोनच्या सुमारास ओहोटी. वेळ थोडी मागेपुढे होते, पण दिनदर्शिका पाहून सहलीचा दिवस ठरवायला एवढा अंदाज पुरतो. नेमकी वेळ छापील किंवा मोबाइलवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते.

ऐन ओहोटीत धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यांवर शेवाळ असते, पाय घसरतो आणि बोटीत चढण्या-उतरण्यासाठी जास्त उंची पार करावी लागते. गुडघे दुखणारी माणसे आणि लहान मुले सोबत असतील तर दशमी ते द्वादशीचे दिवस सोयीचे. त्या दिवसांत सकाळी पाणी भरलेले असते आणि दुपारी चारच्या सुमारास ते पुन्हा चढू लागलेले असते.

पाण्याबरोबर वाऱ्याचाही विचार करावा. हिवाळ्यातल्या सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि बंदर सपाट असते. दुपारनंतर जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा जोर धरतो आणि लाटा उठू लागतात. त्यामुळे परतीचा प्रवास जाण्यापेक्षा जास्त हलवतो. ज्यांना बोट लागते त्यांनी दुपारी जड जेवण टाळावे, परतताना मधल्या बाकावर बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी.

नवी मुंबईहून बेटापर्यंत

सर्वांत भरवशाचा मार्ग गेटवेचाच. पनवेल, बेलापूर, नेरूळ किंवा वाशीहून हार्बर लाइनची लोकल पकडून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे आणि तिथून बस किंवा टॅक्सीने गेटवे गाठावे. बेलापूरहून सीएसएमटीला तास-सव्वा तास लागतो, म्हणून घर सोडण्याची वेळ सातच्या आत ठेवावी. पहिल्या बोटी साधारण नऊला सुटतात आणि तासाभरात बेटावर पोहोचवतात. तिकीट गेटवेलाच मिळते. ते जाण्यायेण्याचे असते, म्हणून परतीपर्यंत जपून ठेवावे.

स्वतःची गाडी असलेल्यांना १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या अटल सेतूचा पर्याय आहे. हा सुमारे २२ किलोमीटरचा पूल शिवडीला न्हावा-शेवा परिसराशी जोडतो आणि उलवे, उरण, पनवेलकडच्या रहिवाशांचा दक्षिण मुंबईचा प्रवास बराच कमी करतो. टोल आणि कुलाब्याकडे गाडी लावायची अडचण लक्षात घेतली, तर कुटुंब लहान असताना लोकलच बरी.

नवी मुंबईच्या किनाऱ्यावरून थेट पाण्याने जाण्याची सोयही उभी राहिली आहे. बेलापूरच्या जेटीहून फेब्रुवारी २०२२ मध्ये वॉटर टॅक्सीची सेवा सुरू झाली, तेव्हा घारापुरीचाही तिच्या मार्गांत समावेश होता. नेरूळला सिडकोने जेटी बांधली आहे. मात्र या सेवा प्रवाशांच्या संख्येप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे चालू-बंद होत राहतात, शिवाय पनवेल खाडीच्या उथळ पाण्यात ओहोटीचा अडसर असतो. त्यामुळे त्या महिन्यात फेरी खरोखर चालू आहे का, याची आदल्या दिवशी खात्री करावी. बेटावरचे गावकरी मोरा आणि न्हावा या जवळच्या किनाऱ्यांकडे ये-जा करतात. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत धावू लागल्याने उरणजवळचे मोरा बंदरही नवी मुंबईकरांच्या आवाक्यात आले आहे. या बाजूने जाणाऱ्याने परतीची बोट कोणती आणि किती वाजताची, हे उतरण्याआधीच नक्की करावे.

गेटवेहून जाताना लागणारे पाणी पाहण्यासारखे आहे. नौदलाच्या युद्धनौका, तेलवाहू जहाजांचे जवाहर द्वीप, भाभा अणुसंशोधन केंद्राचा तुर्भ्याचा डोंगर आणि समोर १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराच्या उंच क्रेन असे सगळे एका तासात नजरेखालून जाते.

पाण्यावरची काळजी

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि दहाहून अधिक जणांचा जीव गेला. त्यानंतर जीवरक्षक जॅकेटच्या सक्तीकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. प्रवाशानेही आपल्या बाजूने दक्ष राहिले पाहिजे. जॅकेट बसताक्षणी अंगात घालावे आणि त्याचे बंद आवळून बांधावेत. मुलांना त्यांच्या मापाचे जॅकेट मागून घ्यावे, कारण मोठे जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जाते. बोट खच्चून भरलेली दिसली तर पुढच्या बोटीची वाट पाहावी. छायाचित्रासाठी सगळ्यांनी एकाच कडेला गर्दी करू नये. एका तासाच्या प्रवासात एवढी शिस्त पाळणे अवघड नाही आणि तिचे मोल फार मोठे आहे.

दिवसाची वाटणी

परतीच्या शेवटच्या बोटी साधारण साडेपाचच्या सुमारास निघतात. बेटावर मुक्कामाची सोय धरून जाऊ नये, म्हणून शेवटच्या बोटीवर विसंबणे धोक्याचे. चारची बोट हे आपले उद्दिष्ट ठेवावे, म्हणजे एखादी हुकली तरी हाताशी दुसरी राहते. चारपासून मागे मोजत आले तर साडेतीनला धक्क्याकडे उतरायला लागावे. दीड ते अडीच जेवण आणि विश्रांती, अडीच ते साडेतीन टेकडीवरचा फेरफटका. सकाळी दहाला पोहोचलेल्या माणसाला साडेदहा ते दीड असे तीन तास लेण्यांसाठी मिळतात. हाच सहलीचा गाभा आहे आणि इतर कशासाठीही त्यातून वेळ काढू नये.

धक्का लांब आहे. त्यावर छोटी झुकझुक गाडी धावते. पुढे सुमारे १२० पायऱ्या चढून जावे लागते. दोन्ही बाजूंना दुकाने असल्याने सावली मिळते. ज्यांना चढणे झेपत नाही त्यांच्यासाठी डोलीची सोय आहे. दर आधी ठरवावा. ग्रामपंचायतीचा छोटा कर आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रवेशतिकीट वेगवेगळे असते. पुरातत्त्व खात्याचे तिकीट भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पर्यटकांना ६०० रुपये असून १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे.

लेण्यांत काय पाहावे

घारापुरीची लेणी १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. मुख्य शैव लेणे इसवी सनाच्या सहाव्या शतकातले असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात आणि त्याच्या निर्मितीचा संबंध कलचुरी राजांशी जोडतात. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर सापडली आहेत. चालुक्य पुलकेशीच्या ऐहोळे शिलालेखात पश्चिम समुद्रातल्या पुरी या नगरीचा उल्लेख आहे आणि ती नगरी म्हणजे घारापुरी असावी, असे काही विद्वानांचे मत आहे. लेण्यातला मूळ शिलालेख पोर्तुगीजांनी काढून नेला आणि तो पुढे हरवला. त्यामुळे हे काम कोणी करवले याचा लेखी पुरावा उरलेला नाही.

मुख्य लेणे कठीण काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेले आहे. त्याचे प्रवेशद्वार उत्तरेला आहे, तर पूर्व आणि पश्चिमेलाही मोकळी अंगणे आहेत. तिन्ही बाजूंनी येणारा उजेड दिवसभर बदलत राहतो. उन्हातून आत शिरल्यावर काही मिनिटे नुसते उभे राहावे. डोळे अंधाराला सरावले की खांबांच्या रांगांमागून शिल्पे उमटू लागतात.

पाहण्याचा क्रम असा ठेवता येतो. उत्तरेच्या दारापाशी एका बाजूला नृत्य करणारा शिव आणि दुसऱ्या बाजूला योगमुद्रेतला शिव आहे. एकात सारी गती आहे, तर दुसऱ्यात सारी स्थिरता. तिथून पूर्वेच्या दाराकडे गेल्यावर कैलासावरचे शिवपार्वती आणि समोर कैलास उचलू पाहणारा रावण दिसतो. नंतर दक्षिणेच्या भिंतीकडे वळावे. मधोमध सुमारे साडेपाच मीटर उंचीची सदाशिवाची मूर्ती आहे. पाहणाऱ्याच्या डावीकडचे मुख उग्र, मिशा असलेले अघोराचे. मधले शांत, मिटल्या डोळ्यांचे तत्पुरुषाचे. उजवीकडचे कोमल, हाती कमळ धरलेले वामदेवाचे. संहार, ध्यान आणि सृजन ही तिन्ही रूपे एकाच दगडातून, एकाच देहावर उभी केलेली आहेत. या मूर्तीशेजारी पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला अर्धनारीश्वर आणि उजव्या हाताला गंगाधर आहे. अर्धनारीश्वराच्या शरीराची एक बाजू पुरुषाच्या ठाम उभेपणाची आणि दुसरी स्त्रीच्या झुकलेल्या कमरेची आहे, हे थोडे दूर उभे राहून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

पश्चिमेच्या भागात चार दारांचे लिंगमंदिर आहे आणि प्रत्येक दाराशी भव्य द्वारपाल उभे आहेत. त्याच बाजूला शिवपार्वतीच्या विवाहाचा प्रसंग आणि अंधकासुराचा वध कोरलेला आहे. लग्नातली पार्वती मान खाली घालून उभी आहे आणि जवळच अंधकासुराला मारणारा शिव दात विचकून झेपावतो आहे. समोरासमोरच्या अशा जोड्या लावून पाहिले की लेण्याची रचना उलगडत जाते. शिल्पांचे अनेक हातपाय आणि मांड्या तुटलेल्या आहेत. पोर्तुगीज काळात सैनिकांनी नेमबाजीसाठी त्यांचा उपयोग केल्याचे सांगितले जाते. उरलेले जपणे आता पाहणाऱ्यांच्या हाती आहे. दगडाला हात लावू नये आणि मुलांना मूर्तींवर चढू देऊ नये.

मुख्य लेण्यापुढच्या वाटेवर आणखी चार छोटी लेणी आहेत. त्यांत शिल्पे कमी आहेत, पण अर्धवट खोदलेल्या दालनांत कोरीव कामाची रीत समजते. त्यांना अर्धा तास पुरतो.

टेकड्या, हत्ती आणि गावे

लेण्यांच्या वरच्या टेकडीवर जुन्या तोफा आहेत. वीस-पंचवीस मिनिटांची चढण पार केल्यावर वरून बंदराचे विस्तृत दर्शन घडते. दरीपलीकडची पूर्वेची टेकडी शांत आहे. तिथे सीताबाईचे देऊळ म्हणून ओळखले जाणारे लेणे आणि विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. तिकडे जायचे असेल तर तोफांची टेकडी सोडून द्यावी. चारच्या बोटीच्या हिशेबात दोन्ही बसत नाहीत.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिले, तो आता बेटावर नाही. १८१४ मध्ये त्याचे डोके आणि मान गळून पडली. त्याचे तुकडे १८६४ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात नेण्यात आले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर तो आजही पाहता येतो. त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा.

बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. पर्यटकांची दुकाने, खानावळी, डोल्या आणि बोटींवर इथल्या कुटुंबांचा बराचसा चरितार्थ चालतो. मुंबईचे दिवे रोज समोर दिसत असूनही या गावांना कायमची वीज मिळायला २०१८ साल उजाडावे लागले. समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून महावितरणने त्या वर्षी २२ फेब्रुवारीला वीजपुरवठा सुरू केला. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटर चालत असे. पिण्याचे पाणी इथे जपून वापरावे लागते आणि आणलेली प्रत्येक वस्तू बोटीनेच येते. म्हणून बेटावरच्या जेवणाची किंमत शहरापेक्षा जास्त वाटली तर त्यामागचे कारण समजून घ्यावे आणि शक्यतो गावकऱ्यांच्या खानावळीतच जेवावे. भात, आमटी, तळलेली मासळी आणि सोलकढी हा इथला साधा, चांगला बेत आहे.

सोबत काय न्यावे

माणशी दीड-दोन लिटर पाणी, टोपी, पकड असलेल्या तळव्यांची पादत्राणे, बोट लागण्यावरची गोळी, ओळखपत्र आणि थोडी रोख रक्कम एवढे पुरे. छोटी विजेरी असेल तर पूर्वेकडच्या लेण्यांत उपयोगी पडते. माकडे धीट आहेत. हातातली पिशवी, बाटली किंवा फळ दिसले की झडप घालतात. खाण्याचे पदार्थ बंद पिशवीत ठेवावेत आणि माकडांना काही देऊ नये. रिकाम्या बाटल्या, वेष्टने आणि उरलेला कचरा परत शहरात आणावा, कारण बेटावर टाकलेला कचरा बोटीनेच बाहेर न्यावा लागतो किंवा भरतीच्या पाण्याबरोबर तिवरांत जाऊन अडकतो.

निघण्यापूर्वी पाच गोष्टी पुन्हा तपासाव्यात : वार सोमवार नाही, हवामान खात्याचा इशारा नाही, भरतीची वेळ माहीत आहे, सकाळची पहिली बोट गाठता येईल आणि परतीची बोट ठरली आहे. या पाचांची उत्तरे होकारार्थी असली की लेण्यांसाठीचे तीन तास निर्धास्तपणे हाती राहतात.